आयरीन व्हॅन डाइक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयरीन व्हॅन डाइक नेमकी कोण?

नेटबॉलमधली गोल शूटर. जन्म २१ जून १९७२, दक्षिण आफ्रिकेतल्या फेरीनिखिंगचा. उंची १९० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ सहा फूट तीन इंच. १९९४पासून दक्षिण आफ्रिकेकडून ७२ आणि २०००पासून न्यूझीलंडकडून १४५ असे एकूण २१७ आंतरराष्ट्रीय सामने ती खेळली. २०१४मध्ये थांबली तेव्हा हा आकडा जगात सर्वांत मोठा होता. खात्यात एक विश्वविजेतेपद आणि राष्ट्रकुल स्पर्धेतली दोन सुवर्णपदकं. त्यातलं एक दिल्लीत मिळालेलं, पण त्याबद्दल पुढे.

नेटबॉल म्हणजे मुलींचं बास्केटबॉलच ना?

नाही. मूळ एकच आहे हे खरं. बास्केटबॉल १८९१ साली अमेरिकेत जन्मलं, काही वर्षांतच इंग्लंडला पोचलं आणि तिथल्या मुलींच्या शाळा-कॉलेजांत त्याचं रूप पालटत गेलं. पुढे राष्ट्रकुलातल्या देशांत ते पसरलं, पण प्रत्येकाचे नियम निराळे. १९६०मध्ये श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, मंडळी एकत्र बसली आणि नियम एक केले. पहिली जागतिक स्पर्धा १९६३मध्ये इंग्लंडच्या ईस्टबर्नला झाली.

आज जो खेळ दिसतो त्यात सात खेळाडू असतात, आणि प्रत्येकीच्या अंगावरच्या बिबवर तिच्या जागेची अक्षरं. ती अक्षरं सांगतात की मैदानाच्या कुठल्या भागात तिला पाय ठेवायचा हक्क आहे. चेंडू आपटत पळता येत नाही. चेंडू हातात आला की पाय रोखायचे आणि तीन सेकंदांत तो सोडायचा. गोल करायचा अधिकार फक्त दोघींना, गोल शूटर आणि गोल अटॅक, आणि तोही रिंगसमोर आखलेल्या गोलवर्तुळाच्या आतूनच. आडवी येणारी बचावपटू तीन फुटांवर उभी राहून हात पसरू शकते, त्याहून जवळ येऊ शकत नाही.

आणि रिंगच्या मागे फळी नसते. बास्केटबॉलमध्ये चुकलेला चेंडू फळीवर आपटून आत जातो, इथे तो दैवाचा हात नाही. ही एक गोष्ट नीट कळली की आयरीनचं मोठेपण अर्धं कळलं.

उंच होती म्हणून गोल होत होते. त्यात विशेष काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा फळी नसलेल्या रिंगमध्ये एकही चेंडू टाकून पाहिलेला नसतो.

हिशेब बघा. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर वर, म्हणजे दहा फूट. रिंगचा आतला व्यास ३८ सेंटिमीटर. चेंडूचा व्यास बावीसच्या आसपास. चेंडू अगदी मधोमध गेला तर चहूबाजूंनी चार-चार बोटं जागा उरते. तीही चेंडू वरून सरळ खाली उतरला तर. तो सपाट, पुढून मागे असा गेला तर रिंग चेंडूला अंडाकृती दिसते आणि ही चार बोटंही उरत नाहीत. म्हणून नेटबॉलचा शॉट उंच कमानीचा असावा लागतो. नवख्या मुली चेंडू रिंगकडे ढकलतात. चांगली शूटर तो रिंगच्या वर पाठवते, मग उतरण्याचं काम त्याचं.

आयरीनचा शॉट जवळून बघितला तर त्यात हालचाल फारच थोडी दिसते. चेंडू डोक्याच्या वर, किंचित मागे, बोटांच्या टोकांवर तोललेला. तळहात चेंडूला जवळजवळ लागतच नाही. दुसरा हात बाजूने नुसता टेकलेला. गुडघे जरासे वाकतात, सरळ होतात, आणि त्याच लयीत मनगट पुढे झुकतं. हात तसाच वर राहतो, बोटं रिंगकडे. बचावपटूचा पंजा समोर नाचत असतो, पण चेंडू सुटतो तोच इतक्या उंचीवरून की तो पंजा खालीच राहतो. रिंगजवळ उभी असली की चेंडू आणि रिंग यांत हात-दीड हाताचं अंतर. इथे उंचीचा फायदा आहेच, तो कोण नाकारतंय?

पण तेवढ्याच उंचीच्या शूटर तिच्या आधीही होत्या आणि नंतरही आल्या. आयरीनची अचूकता वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांच्या वर राहिली, वयाच्या चाळिशीतसुद्धा. उंचीने पहिला शॉट सोपा होतो. सामन्यातला पन्नासावा, दमलेल्या पायांवरचा, अंतिम फेरीतला शॉट मात्र पहिल्यासारखाच निघाला पाहिजे, आणि त्यासाठी घोटून घोटून हाताला सवय लावावी लागते. तिने घरी रिंग लावून घेतली होती आणि रोज शेकडो शॉट मारायची.

चेंडू हातात नसताना ती काय करायची? उभीच असते की!

उभी नसते. जागा अडवून असते. गोल शूटर बचावपटूला पाठीशी घेते, म्हणजे स्वतःचं अंग मध्ये घालून मागची जागा मोकळी राखते, आणि त्या मोकळ्या जागेत विंग अटॅक किंवा सेंटरने, म्हणजे मधल्या भागातून चेंडू पुरवणाऱ्या खेळाडूंनी, उंच पास टाकायचा. यात ढकलाढकल झाली तर अंपायरची शिट्टी. बचावपटूकडून अंगाला अंग लागलं तर शूटरला पेनल्टी मिळते, आणि चूक करणारीला बाजूला उभं राहावं लागतं, शॉट सुटेपर्यंत हलताही येत नाही. नव्वद टक्क्यांच्या शूटरसमोरून बचाव बाजूला करणं म्हणजे गोल हातात आणून देणं. त्यामुळे आयरीनसमोर खेळणाऱ्यांची कायमची पंचाईत. जवळ जावं तर पेनल्टी, दूर राहावं तर उंच पास.

दक्षिण आफ्रिकेकडून तिची कारकीर्द कशी होती?

छोटी, पण दणक्यात सुरू झालेली. वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिका जागतिक नेटबॉलबाहेर होती. १९६७च्या पर्थच्या स्पर्धेनंतर ती एकदम १९९५मध्ये बर्मिंगहॅमला उतरली. अठ्ठावीस वर्षं बाहेर राहिलेल्या संघाकडून कुणाची फारशी अपेक्षा नव्हती. या संघाने न्यूझीलंडला हरवलं आणि थेट अंतिम फेरी गाठली. तिथे ऑस्ट्रेलियाने ६८-४८ असं सहज लोळवलं, पण रौप्यपदक घेऊन घरी जाणाऱ्या त्या संघातली तेवीस वर्षांची शूटर सगळ्यांच्या नजरेत भरली. न्यूझीलंडच्या तर नक्कीच, कारण तिच्या संघाने त्यांना तिसऱ्या जागेवर ढकललं होतं.

पुढे तिने दक्षिण आफ्रिकेचं नेतृत्वही केलं. १९९५सारखं यश मात्र पुन्हा हाती लागलं नाही.

मग तिने देश का बदलला?

२०००मध्ये ती नवरा आणि लहान मुलीला घेऊन न्यूझीलंडला गेली. वेलिंग्टनच्या कॅपिटल शेकर्स संघाकडून खेळायचं ठरलं होतं. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा नेटबॉल म्हणजे हौस सांभाळून करायची गोष्ट. न्यूझीलंडमध्ये हा बायकांचा पहिल्या क्रमांकाचा खेळ, सामने टीव्हीवर, संघाचे खेळाडू घरोघरी ओळखीचे. ज्याला आपल्या कामात पुढे जायचं आहे तो जिथे ते काम चालतं तिथे जातो. इंजिनीयर गेला तर आपण पेढे वाटतो.

तेव्हाच्या नियमांनुसार तिला फार थांबावंही लागलं नाही. त्याच वर्षी ती काळ्या पोशाखात, सिल्व्हर फर्न्सकडून मैदानात उतरली. सिल्व्हर फर्न्स हे न्यूझीलंडच्या नेटबॉल संघाचं नाव, नेच्याच्या रुपेरी पानावरून पडलेलं.

याला गद्दारी म्हणायचं नाही का?

दक्षिण आफ्रिकेत तेव्हा तसं म्हणणारे होते, आणि त्यांचं दुःख मला समजतं. अठ्ठावीस वर्षांनी परतलेला संघ, त्यातली सर्वांत चमकदार खेळाडू, आणि ती अवघ्या काही वर्षांत ज्यांना हरवलं त्यांच्याच गोटात! न्यूझीलंडमध्येही सगळे खूश नव्हते. आपल्या मुलींची जागा बाहेरून आलेलीने का घ्यावी, हा प्रश्न तिथे विचारला गेलाच.

माझं मत विचाराल तर, चौदा वर्षं आणि १४५ सामने हे पाहुणीचं वागणं नव्हे. पाहुणी हंगाम खेळून परत जाते. ही तिथल्या शाळेत मुलांना शिकवत राहिली. आणि ती एकटीच नव्हती. बचावपटू लिआना डी ब्रुइन हीसुद्धा आधी दक्षिण आफ्रिकेकडून आणि नंतर न्यूझीलंडकडून खेळली. दोघी दिल्लीतल्या सुवर्णविजेत्या संघात होत्या. ज्या व्यवस्थेतून दोन अव्वल खेळाडू निघून जातात, तिच्याबद्दलचा प्रश्न त्या खेळाडूंना विचारून भागत नाही.

२००३च्या विश्वविजेतेपदाचं एवढं कौतुक का?

कारण न्यूझीलंडने १९८७नंतर ते जिंकलंच नव्हतं. मधल्या प्रत्येक स्पर्धेत ऑस्ट्रेलिया. १९९९मध्ये तर घरच्या मैदानावर, क्राइस्टचर्चला, अंतिम सामना ४२-४१ असा एका गोलने गेला. आयरीन तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या संघात होती.

२००२मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ती न्यूझीलंडकडून खेळली आणि तिथेही अंतिम सामना जादा वेळेत ऑस्ट्रेलियाने ५७-५५ असा नेला. लोक म्हणू लागले, शूटर आणली तरी नशीब तेच. मग जमैकातलं किंग्स्टन, २००३, प्रशिक्षक रूथ एटकेन, अंतिम धावफलक ४९-४७. सोळा वर्षांचं ओझं दोन गोलांनी उतरलं. २००६मध्ये मेलबर्नला, ऑस्ट्रेलियाच्याच घरात, राष्ट्रकुलचं सुवर्ण ६०-५५.

लिझ एलिसबरोबरच्या लढतींबद्दल इतकं का बोललं जातं?

लिझ एलिस ऑस्ट्रेलियाची गोल कीपर, म्हणजे समोरच्या गोल शूटरला अडवणारी बचावपटू, पुढे कर्णधार. शूटर आणि कीपर या दोघी सामनाभर एकमेकींच्या श्वासाच्या अंतरावर असतात, त्यामुळे नेटबॉलमध्ये द्वंद्व हा शब्द अक्षरशः लागू पडतो. एलिसला पक्कं ठाऊक होतं की आयरीनच्या हातात चेंडू पोचल्यावर करण्यासारखं काही उरत नाही. म्हणून ती आयरीनपेक्षा पासवर जास्त नजर ठेवायची. कधी पुढे, कधी मागे, सतत जागा बदलून पास देणारीच्या मनात शंका घालायची. पास अर्धा सेकंद उशिरा आला की तेवढ्यावर एलिसचं काम व्हायचं.

शेवटची मोठी गाठ २००७ची. ती जागतिक स्पर्धा खरं तर फिजीत व्हायची होती. डिसेंबर २००६मध्ये तिथे लष्कराने सत्ता उलथवली आणि स्पर्धा ऑकलंडला हलली. घरचं मैदान, गतविजेता संघ, आणि ऑस्ट्रेलियाने ४२-३८ असा सामना जिंकला. एलिसने विश्वचषक उचलून निवृत्ती घेतली. दोन जगज्जेत्या संघांच्या सामन्यात दोन्ही बाजू मिळून ऐंशीच गोल, यावरून बचाव कसा होता ते कळतं.

दिल्लीतला तो अंतिम सामना काय होता?

१४ ऑक्टोबर २०१०, त्यागराज क्रीडा संकुल. राष्ट्रकुल स्पर्धेचा शेवटचा दिवस. त्याच दिवशी सायना नेहवालने सुवर्ण जिंकलं आणि हॉकीच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने आपल्याला ८-०ने धुतलं. त्या धामधुमीत नेटबॉलकडे लक्ष द्यायला इथे कुणाला वेळ होता? यजमान म्हणून भारताचाही संघ या स्पर्धेत होता, प्राची तेहलान कर्णधार. तोही फारसा कुणाला आठवत नाही.

तर सामना. पुन्हा न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव संपले, बरोबरी. जादा वेळ खेळवला, तरी बरोबरी. अशा वेळी घड्याळ बाजूला ठेवतात. जो संघ दोन गोलांनी पुढे जाईल तो जिंकला. म्हणजे प्रत्येक चुकलेला शॉट हा बहुधा शेवटचा. अडतीस वर्षांची आयरीन, तासाहून जास्त वेळ कुणाला तरी पाठीवर घेऊन उभी, आणि शेजारी मारिया टुटाइया, लांबून शॉट घेणारी गोल अटॅक. शेवटचा गोल टुटाइयाचा. ६६-६४.

या सामन्याची गोष्ट सांगताना सगळे टुटाइयाचा तो शॉट सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण तो शॉट घ्यायला तिला मोकळीक का मिळाली, हेही बघावं. वर्तुळात आयरीन असली की कीपर तिला सोडून हलू शकत नाही. रिंगखाली ती नुसती उभी राहून दुसरीसाठी जागा करत होती.

तिच्यावर टीका कशाबद्दल होते?

मुख्य आक्षेप तिच्यापेक्षा संघाच्या सवयीवर आहे. न्यूझीलंडचा खेळ पूर्वी चपळ, जागा बदलणारा. आयरीन आल्यावर "द्या तिला उंच पास" हे उत्तर फार सोपं झालं. ते चाललं की उत्तम, पण समोरच्यांनी पासच आखडला की दुसरा मार्ग चटकन सुचायचा नाही. ऑकलंडला हेच दिसलं. टीका रास्त आहे. मात्र घरातला कर्ता माणूस जास्त कमावतो म्हणून बाकीचे सुस्तावले, तर दोष कर्त्याच्या माथी मारायचा का?

क्लबकडून कुठे खेळली?

कॅपिटल शेकर्सनंतर बराच काळ हॅमिल्टनकडची वायकाटो बे ऑफ प्लेंटी मॅजिक, प्रशिक्षक नोलीन टाउरुआ. २००५ आणि २००६मध्ये मॅजिकने न्यूझीलंडची स्थानिक लीग जिंकली. २००८मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या संघांची एकत्र लीग सुरू झाली, एएनझेड चॅम्पियनशिप. पहिल्याच वर्षी मॅजिक अंतिम फेरीत न्यू साउथ वेल्स स्विफ्ट्सकडून हरली. २०१२ची सुरुवात तर पराभवांनीच झाली. त्यातून सावरत संघ जुलैमध्ये अंतिम सामन्याला मेलबर्नला पोचला आणि मेलबर्न व्हिक्सन्सला ४१-३८ असं हरवून आला. ही लीग २०१६पर्यंत चालली, पण ऑस्ट्रेलियाबाहेर चषक गेला तो त्या एकदाच. आयरीन तेव्हा चाळीस पूर्ण झालेली होती. शेवटचा हंगाम, २०१४, वेलिंग्टनच्या सेंट्रल पल्सकडून.

टाउरुआ पुढे राष्ट्रीय प्रशिक्षक झाल्या आणि २०१९मध्ये लिव्हरपूलला ऑस्ट्रेलियाला ५२-५१ हरवून न्यूझीलंडला विश्वविजेतेपद मिळवून दिलं.

ऑलिंपिक पदक का नाही?

नेटबॉल ऑलिंपिकमध्ये नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता १९९५पासून आहे, प्रवेश नाही. त्यामुळे विश्वचषक आणि राष्ट्रकुल हीच दोन शिखरं. राष्ट्रकुलमध्येही पदकांसाठी हा खेळ १९९८ला, क्वालालंपूरपासून आला.

खेळावर पोट भरायचं का?

निदान सुरुवातीची वर्षं तरी नाही. ती प्राथमिक शिक्षिका होती. दिवसभर वर्ग आणि मग सराव, असं अनेक वर्षं चाललं. त्या पिढीतल्या बहुतेक नेटबॉलपटूंची हीच कथा. एकत्र लीग आल्यावर मानधन सुधारलं.

इतकी वर्षं शरीर टिकलं कसं?

नेटबॉल गुडघ्यांचा वैरी आहे. पळता पळता चेंडू पकडायचा आणि जागच्या जागी थांबायचं, हा नियमच गुडघ्याचे अस्थिबंध फाडणारा. एलिसचाच गुडघा २००५मध्ये गेला आणि २००६ची राष्ट्रकुल स्पर्धा हुकली. गोल शूटरची धाव मैदानाच्या एक तृतीयांश भागातच, त्यामुळे सेंटरच्या मानाने तिचे पाय वाचतात, पण धक्के आणि उड्या वाचत नाहीत. याउपर शिस्त. २०११च्या सिंगापूरच्या जागतिक स्पर्धेत ती एकोणचाळीसची होती. तिथेही अंतिम सामना जादा वेळेत, पण ऑस्ट्रेलियाकडून एका गोलाने पराभव, ५८-५७.

निवृत्ती केव्हा, आणि नंतर काय?

२०१४मध्ये आंतरराष्ट्रीय खेळातून. नेटबॉलच्या सेवेबद्दल न्यूझीलंडचा ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान तिला मिळाला आहे.

तिचा खेळ बघायचा तर कुठून सुरुवात करू?

दिल्लीचा अंतिम सामना, जादा वेळेपासून. एक सूचना: पहिली पाच मिनिटं चेंडूकडे बघू नका, फार अवघड आहे, पण प्रयत्न करा. तिच्या पायांकडे बघा. चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर असतो तेव्हाच ती अर्धं पाऊल सरकून मागची जागा ताब्यात घेते, खांदा वळवते, एक हात वर करून कुठे पास हवा ते दाखवते. मग सामना मागे नेऊन तोच भाग चेंडूसकट बघा.